‘शिंदळकी’ : एका शब्दाचा पूर्ववृत्तांत

अनाचारवाचक शब्दांची चर्चा करण्यास सभ्य लेखक सहसा धजत नाहींत. परंतु ज्या शब्दाच्या नुसत्या आरोपानें पेशवाईंत एखाद्या स्त्रीचें सारें आयुष्य पालटून जाई, त्याची चिकित्सा टाळणें इतिहासाभ्यासकास शोभणारें नाहीं. म्हणून ‘शिंदळकी’ या शब्दाचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिंदळकी हें शिंदळ या शब्दावरून साधलेलें भाववाचक नाम होय. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें आपल्या ‘देशीनाममाले’त छिण्णाल हा शब्द नोंदिला आहे; तेंच याचें मूळ. प्राकृतांतील छकाराचा मराठींत श किंवा स होतो. क्षेत्र, छेत्त, शेत ही परंपरा प्रसिद्धच आहे. अच्छभल्लाचें अस्वल झालें तें याच नियमानें. छिण्णालाचें शिनळ झाल्यावर न आणि ळ यांच्यामध्यें द शिरला, जसा वानराच्या वांदरांत न आणि र यांच्यामध्यें शिरला. हिंदीनें मूळचा छ राखून छिनाल हें रूप ठेविलें.

येथवर व्याकरण झालें. विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. हेमचंद्रानें छिण्णालाचा अर्थ ‘जार’ असा दिला आहे. म्हणजे हा शब्द त्यानें पुरुषास लाविला! आज मात्र शिंदळ म्हणतांच स्त्री डोळ्यांपुढें येते. पुरुषास ‘शिंदळीचा’ म्हणून शिवी दिली, तरी तींतला कलंक त्याच्या आईवरच पडतो. संस्कृतांतील व्यभिचार या शब्दास असें लिंग नाहीं. वि, अभि आणि चर् मिळून त्याचा अर्थ नेमस्त मार्ग सोडून भलतीकडे जाणें एवढाच होतो. नैयायिक तर हेतूलाही सव्यभिचार म्हणतात. त्यांत कोणाच्या शीलाचा प्रश्नच नसतो.

शब्दाचा भार स्त्रीकडे झुकला, तसा दंडाचाही झुकला. पेशवेकालीन कागदांत या अपराधास शिंदळकी, बदकर्म किंवा बदअंमल म्हटलेलें आढळतें. बदअंमलांतील बद फारसी, अमल अरबी. अर्थ ‘वाईट कृति’. अमल करणारा कोण, हें या शब्दांतही सांगितलेलें नाहीं. पण व्यवहारांत पुरुषाकडून बहुधा ‘गुन्हेगारी’, म्हणजे दंडाची रक्कम, घेऊन प्रकरण मिटे. स्त्रीस मात्र सरकारची कुणबीण करून किल्ल्यांवर व सरकारी कारखान्यांत कामास लावीत किंवा दुसऱ्यास देऊनही टाकीत. एकाची थैली हलकी होई, दुसरीचें स्वातंत्र्यच जाई.

आमच्या वसई प्रांतास या इतिहासांत एक निराळी जोड आहे. 1534 च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली व 1739 मध्यें चिमाजीअप्पांनीं ती जिंकून घेतली. या फिरंगी संसर्गानें मराठीस जे शब्द मिळाले, त्यांत पगार, चावी यांच्याबरोबर तुरुंगही आहे. पोर्तुगीज ‘ट्रोंको’ म्हणजे झाडाचें खोड, त्यावरून कैद्याचा खोडा आणि पुढें बंदिशाळा. अशा रीतीनें नांव देशी, आरोप फारसी-अरबी आणि कोठडी फिरंगी, असे तीन मुलुखांचे शब्द मराठींत एकाच विषयाभोंवतीं जमले.

दूरदेशींचें एक उदाहरण तुलनेस घेतों. स्कॉटलंडच्या बोलींत अनाचारास स्कलडडरी असा एक जुना शब्द होता. अठराव्या शतकांत तो लिखितांत आढळतो. अटलांटिक ओलांडून अमेरिकेंत गेल्यावर एकोणिसाव्या शतकांत त्याचें स्कलडगरी झालें आणि अर्थही पालटला. आज त्याचा अर्थ लबाडी, विशेषतः राजकारणांतील व पैशाच्या व्यवहारांतील छुपी कारस्थानें, असा आहे. तो शब्द शयनगृहांतून निघून कचेरींत गेला आणि तेथील थोरामोठ्यांस चिकटला. आमचा शब्द पुरुषापासून निघाला आणि स्त्रीपाशीं येऊन थांबला.

शब्दांचे अर्थ आपोआप बदलतात, असें भाषाशास्त्र शिकवितांना आम्हीही पुष्कळदां सांगितलें. आतां वाटतें कीं, तें विधान अपुरें होतें. छिण्णालाच्या णकाराचा नकार उच्चाराच्या सोयीनें झाला असेल. त्यांतील जार मात्र कोणाच्या तरी सोयीनें निसटला आहे. जुने निवाडे वाचतांना अभ्यासकांनीं त्या निसटलेल्या पुरुषाचाही शोध घ्यावा, एवढीच आमची विनंति आहे.