भिंत पुसायचे किती घेणार?

गेल्या आठवड्यात लालबागमधल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "साहेब, कंपाउंडची भिंत पुसायची आहे. फुटाला किती घेणार?"

रंगकाम आणि बिल्डिंग रिपेअरची छोटी-मोठी कामं मी २७ वर्षं करतोय. हा प्रश्न हजारदा ऐकलाय आणि सुरुवातीच्या काळात फोनवरच रेट सांगूनही टाकलाय. आता सांगत नाही. आधी भिंत बघतो. असं का, ते आज सविस्तर लिहितोय. कारण गिरगाव ते दादर आपल्या भिंतींचा जो इतिहास आहे त्यात लिहिणाऱ्यांबद्दल खूप बोललं गेलंय. पुसणाऱ्यांबद्दल आणि पुसण्याच्या पैशांबद्दल कोणीच बोलत नाही.

सुरुवात प्लेगपासून करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत अर्धं शहर गावाकडे पळालं. तेव्हा भिंतीवर लिहिणारं खुद्द सरकार होतं. प्लेग झालेल्या घरांवर वर्तुळं काढली जायची. त्या घरांचे फोटो आजही बघायला मिळतात. जी खोली माणसांनी राहण्यास अयोग्य ठरायची तिच्यावर 'यू. एच. एच.' ही इंग्रजी अक्षरं मारली जायची. आणि पाठोपाठ पालिकेच्या टोळ्या चुन्याच्या बादल्या घेऊन यायच्या, घरंच्या घरं आतून-बाहेरून पांढरी करायच्या. या शहरात सरकारी खर्चाने भिंती एवढ्या मोठ्या प्रमाणावर पांढऱ्या झाल्या त्या तेव्हा, आणि हत्यार होतं चुना. तो स्वस्त आणि जंतूंना मारक. शिवाय आपल्या जुन्या चाळींचा गिलावाही चुन्याचाच, त्यामुळे भिंतीला तो मानवायचा. भिंत श्वास घेत राहायची. पुढच्या वर्षी पावसाने थोडा धुपला तर परत एक हात मारायचा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग भिंतीवर लोक लिहायला लागले. स्वातंत्र्याची चळवळ झाली, त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राची. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, त्यानंतर १ मे १९६० पर्यंत गिरगाव, परळ, लालबाग, दादर धगधगत होतं. आमच्या चाळीतले जुने लोक सांगायचे, रात्री दोघं-तिघं निघायचे. एकाच्या हातात डबा, दुसऱ्याच्या हातात कुंचला, तिसरा कोपऱ्यावर पोलिसांवर लक्ष ठेवून. डब्यात गेरू, नाहीतर चुना, नाहीतर डांबर.

आता हे तीन पदार्थ आम्हा रंगवाल्यांच्या नजरेने बघा. चुन्याने लिहिलेलं पाण्याने आणि ब्रशने बऱ्यापैकी निघतं. गेरू गिलाव्यात मुरतो, घासलं तरी लालसर डाग राहतो. आणि डांबर? डांबरावर कितीही चुना मारा, काही दिवसांत, उन्हाळ्यात तर लगेच, ते पिवळट-काळं होऊन वर येतं. मला पक्कं वाटतं की डांबर निवडणाऱ्या पोरांना हे ठाऊक असणार. सरकारने पांढरं करायचं आणि घोषणेने परत उगवायचं.

साठ-सत्तरच्या दशकात गिरणगावात लाल बावटा आणि भगवा आमनेसामने आले आणि भिंतींवर जागा पकडण्याची चढाओढ सुरू झाली. निवडणूक लांब असली तरी भिंत आधीच 'बुक' व्हायची. या काळात मोठा बदल झाला तो डब्यात. गेरू-चुना मागे पडला, ऑइल पेंट आला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, तोवर भिंतीवरची घोषणा म्हणजे ऑइल पेंट किंवा लाल ऑक्साइड हे समीकरण झालं होतं. ऑइल पेंटवर चुना धरत नाही, पापुद्रा होऊन पडतो. म्हणून पुसणाऱ्यांनीही चुना सोडला आणि ऑइल पेंटवर ऑइल पेंट मारायला सुरुवात केली.

माझ्या मते आपल्या भिंतींचं नुकसान इथून सुरू झालं. ऑइल पेंट म्हणजे भिंतीला रेनकोट घालण्यासारखं आहे. फरक इतकाच की मुंबईत ओल बाहेरून कमी आणि आतून, पायातून, गळक्या पाइपातून जास्त येते. ती बाहेर पडू शकत नाही. गिलावा फुगतो, पोपडे धरतो, एक दिवस अख्खा थर खाली येतो. काळ्या दगडाच्या भिंतीत दगडाला फार होत नाही, पण दगडांमधल्या चुन्याच्या दर्जा भुसभुशीत होतात.

मग कायदा आला. पश्चिम बंगालने भिंती विद्रूप करण्याविरुद्ध १९७६ मध्येच कायदा केला होता, आपल्याकडे तो १९९५ मध्ये झाला. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच सुमारास मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी भिंती रंगवणाऱ्या उमेदवारांना सळो की पळो करून सोडलं. आज नियम असा आहे की निवडणूक जाहीर झाली की सरकारी मालमत्तेवरचा राजकीय मजकूर २४ तासांत, सार्वजनिक जागेवरचा ४८ तासांत आणि खाजगी मालमत्तेवरचा ७२ तासांत हटवायचा.

नियम चांगलाच आहे. पण जमिनीवर काय होतं ते बघा. २४ तासांत दगडावरचा ऑइल पेंट कोणी 'काढू' शकत नाही, फक्त 'झाकू' शकतो. मग टेम्पो येतो, दोन पोरं, एक रोलर, हाताला लागेल तो रंग. काळा दगड, पोरबंदरचा दगड, विटा, गिलावा, सगळ्याला एकच औषध. हिशेब चौरस मीटरवर होतो, आणि बिलात झाकलेला मीटर आणि स्वच्छ केलेला मीटर सारखाच दिसतो.

झाकण्याचं बिल शेवटी कुठे जातं, हे बघायला हुतात्मा चौकात जा. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, नक्षी इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलँड दगडात. वर्षानुवर्षं 'स्वच्छ दिसावं' म्हणून त्याला रंगाचे थर चढवले. मूर्तींच्या कपड्यांच्या चुण्या बुजल्या. विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम झालं तेव्हा हे थर कलेकलेने उतरवावे लागले, आणि जानेवारी २०१९ मध्ये कारंजं पुन्हा खुलं झालं. एका रोलरने दहा मिनिटांत जे चढतं ते उतरवायला कुशल हातांना महिने लागतात.

आता माझी एक चूक सांगतो. साधारण वीस वर्षांपूर्वी गिरगावात एका जुन्या इमारतीच्या जोत्यावर कोणीतरी जाहिरात रंगवली होती. मी फुटाचा रेट दिला, सगळ्यात कमी माझाच. काम लवकर उरकायला ॲसिड वापरलं. फेस आला. मला वाटलं रंग सुटतोय. सुटत होता दगड. पोरबंदरचा दगड म्हणजे चुनखडीच, ॲसिडने तो विरघळतो. जाहिरात गेली, पण त्या अक्षरांच्या आकाराचे खड्डे राहिले. आजही तिथून जाताना मी समोरच्या फुटपाथने जातो.

त्या दिवसापासून माझी पद्धत ठरली, आणि रेटही त्यावरच ठरतो. सोसायटीवाल्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितो.

आधी पृष्ठभाग ओळखायचा: काळा दगड, मालाडचा पिवळसर दगड, पोरबंदर, वीट, चुन्याचा गिलावा की सिमेंटचा. मग रंग ओळखायचा: डिस्टेंपर, ऑइल, स्प्रे की डांबर, किती जुना, किती थर. मग कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, एक फुटाचा नमुना करून बघायचा. या नमुन्याचे मी वेगळे पैसे घेतो आणि काम मिळालं तर ते बिलातून वजा करतो. नमुन्याशिवाय रेट देणारा माणूस एकतर भिंतीचं नुकसान करतो नाहीतर स्वतःचं.

दगडावरच्या ऑइल पेंटला जेलसारखा पेंट रिमूव्हर लावायचा, वर प्लॅस्टिक, थांबायचं, मग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढायचं. ब्रश नायलॉनचा. तारेचा ब्रश आणि ग्राइंडर भिंतीजवळ आणायचेच नाहीत. पाण्याचा फवारा हलका ठेवायचा. दगडाच्या छिद्रांत रंगाची सावली उरते, आम्ही तिला 'भूत' म्हणतो. ते काढायला मुलतानी मातीसारख्या मातीत केमिकल कालवून लेप लावतात, सुकताना तो डाग वर ओढून घेतो. निघालेला गाळ गटारात सोडायचा नाही. आणि पोरांना हातमोजे, चष्मा, मास्क हवाच. रिमूव्हरच्या वाफा डोक्यात जातात. कोटेशन फारच कमी असेल तर पहिली काटछाट इथेच झालेली असते, हे समजून जा.

एक उदाहरण घेऊ. हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतलेत, बाजारभाव समजू नका. समजा ४० फूट लांब, ५ फूट उंच दगडी भिंत आहे, म्हणजे २०० चौरस फूट. त्यातल्या ६० फुटांवर लिहिलंय. पहिला माणूस म्हणतो, अख्खी भिंत ऑइल पेंट मारतो, २० रुपये फूट, ४,००० रुपये. दुसरा म्हणतो, फक्त ६० फूट साफ करतो: दोन माणसं दोन दिवस मिळून ४,८००, रिमूव्हर ३,०००, ब्रश-प्लॅस्टिक-गाळ १,०००, पाणी-टेम्पो १,२००, वर देखरेख आणि नफा २,०००. एकूण १२,०००. म्हणजे २०० रुपये फूट. कमिटी अर्थातच पहिल्याला काम देते. पण मुंबईच्या पावसात तो रंग दोन वर्षांत पोपडे धरतो. दहा वर्षांत पाच वेळा मारला की २०,००० झाले, आणि थर उतरवायचं काम उरलंच.

चुन्याचा गिलावा असेल तर मात्र माझा सल्ला आजही प्लेगच्या वेळचाच आहे: लिहिलेलं शक्य तेवढं काढा आणि चुनाच मारा. परत कोणी लिहिलं तर वरचा चुन्याचा थर खरवडून निघतो, मूळ भिंतीला धक्का लागत नाही. परदेशात भिंतींसाठी ज्या महागड्या 'बळी जाणाऱ्या' कोटिंग विकतात त्यांचं तत्त्व हेच आहे.

आता लालबागच्या त्या भिंतीकडे येतो. काळा दगड, वर क्लासची आणि औषधाची जाहिरात, त्याखाली जुना डिस्टेंपर. डिस्टेंपर एका बाजूला गळून पडलाय आणि त्याखालून लाल ऑक्साइडची अक्षरं दिसायला लागलीयेत. अर्धा शब्द गेलाय, पण 'संप' एवढं स्पष्ट वाचता येतं. ज्यांनी ते झाकलं त्यांनीच ते चाळीस वर्षं उन्हापावसापासून जपलं, असं म्हणावं लागेल. बाजूच्या गिरण्यांच्या भिंती टॉवरसाठी कधीच पडल्या. ही उरलीय.

सेक्रेटरींना मी दोन कोटेशन दिलीत. एक, सगळं साफ. दुसरं, वरच्या जाहिराती काढायच्या आणि लाल अक्षरं ठेवायची. दुसरं महाग आहे, कारण एकेक थर हाताने, वीत-वीत करत उतरवावा लागेल, आणि अक्षरं शंभर टक्के वाचतील अशी हमी मी देऊ शकत नाही. तेही लिहून दिलंय. कमिटीतले काही जण म्हणतात, भिंत आमची, आम्हाला स्वच्छ हवी. त्यांचं चुकीचं नाही, कायदाही त्यांच्या बाजूने आहे. तळमजल्यावरच्या एक आजी मात्र म्हणाल्या, "आमचे हे त्या संपात होते. तेवढं राहू द्या."

येत्या रविवारी मीटिंग आहे. निर्णय सोसायटीचा. मी एवढंच सांगितलंय की काहीही करा, आधी भिंतीचे नीट फोटो काढा, आणि रोलरवाल्याला बोलावू नका.

तुमच्या चाळीच्या, गिरणीच्या, शाळेच्या भिंतीवरच्या जुन्या घोषणांचे फोटो घरात असतील तर खाली टाका. जागा आणि साधारण साल लिहा. मीटिंगला जाताना बरोबर नेईन.