दहाचं नाणं

लॅटिनमधल्या ‘देनारियुस’ या शब्दाच्या पोटात ‘देनी’ आहे. देनी म्हणजे दहा-दहा. त्याच्या मागे ‘देकेम’ म्हणजे दहा. संस्कृतातला ‘दश’ आणि आपला ‘दहा’ हे त्याच देकेमचे चुलतभाऊ. इ.स.पू. 211 च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसलेला असताना, रोमनं हे चांदीचं नाणं पाडायला घेतलं. ‘आस’ नावाची कांस्याची दहा नाणी मोजली की एक देनारियुस मिळे, म्हणून हे नाव. कुणाला शंका राहू नये म्हणून नाण्यावर रोमन दहाची फुलीही छापलेली असे.

पुढे आस हलका होत गेला आणि इ.स.पू. 141 च्या सुमारास देनारियुसचा भाव सोळा आस ठरला. काही काळ नाण्यावर सोळाचा आकडाही आला. नाव मात्र कुणी बदललं नाही. दहाचं नाणं सोळाला जाऊ लागलं तरी दहाचंच म्हणवत राहिलं. रोमन लेखक प्लिनी तर सांगतो की सैनिकांचा पगार चुकता करताना सरकार देनारियुस दहा आसांचाच धरत असे. सरकारी हिशेबात जुने दर किती चिवट असतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

देनारियुसचं धाकटं भावंड सेस्टर्शियस. त्याच्या नावाची फोड ‘सेमिस तेर्तियुस’, म्हणजे ‘तिसरा अर्धा’. दोन पुरे आणि तिसरा अर्धा मिळून अडीच आस. ही मोजण्याची रीत मराठी माणसाला परकी वाटायचं कारण नाही, कारण आपला ‘अडीच’ आला आहे तो ‘अर्धतृतीय’मधून, आणि ‘दीड’ आला आहे ‘द्व्यर्ध’मधून, म्हणजे दुसरा अर्धा. टायबरकाठचा वाणी आणि गोदाकाठचा वाणी अडीच मोजताना एकाच पद्धतीनं बोलत होते. देनारियुस सोळाचा झाला तेव्हा सेस्टर्शियसही चार आसांचा झाला. नाव राहिलं अडीचचंच.

नाणं आणि त्याचं नाव एकत्र जन्मतं, पण दोघांचं आयुष्य सारखं नसतं. रोमन सम्राटांची चांदीची नाणी जमवणाऱ्याला ही गोष्ट पदोपदी भेटते. कधी चांदी नावाला तारते, कधी नाव चांदीला मागे टाकून पुढे निघून जातं.

चांदीनं नावाला तारलं त्याची उदाहरणं संग्राहकांच्या ‘दुर्मिळ’ या वर्गात सापडतात. ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या सूचिग्रंथमालेचा पहिला खंड 1923 साली निघाला. तिच्यात नाण्यापुढे अक्षरं असतात : ‘सी’ म्हणजे नेहमीचं, ‘एस’ म्हणजे कमी मिळणारं, ‘आर’ म्हणजे दुर्मिळ, आणि आरच्या पुढे आकडा जितका मोठा तितकं ते आणखी विरळा. दुर्मिळपणाचं गणित बहुतेक वेळा सोपं असतं. गादीवर थोडे दिवस बसला, त्याची नाणी थोडी.

इ.स. 69 मध्ये रोमनं एका वर्षात चार सम्राट पाहिले. त्यांतला ओथो जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, जेमतेम तीन महिने टिकला. त्याचा देनारियुस साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर, अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा. दर्शनी बाजूला त्याचा मुखवटा उजवीकडे तोंड करून. भिंगाखाली धरला की नजर केसांवरच जाते. कपाळापासून मागे एकाखाली एक अशा वळ्यांच्या नेटक्या रांगा, एकही बट वाकडी नाही. स्वेटोनियस या चरित्रकारानं लिहून ठेवलं आहे की ओथोचे केस विरळ होते आणि तो टोप घालत असे. नाण्यावर तोच टोप दिसतो, असं संग्राहक मोठ्या आवडीनं दाखवतात. त्याच्या काही देनारियुसांच्या मागच्या बाजूला शांतिदेवता आहे आणि भोवती ‘पाक्स ऑर्बिस तेर्रारुम’ अशी अक्षरं : साऱ्या पृथ्वीवर शांतता. हे छापलं जात होतं तेव्हा गादीचा दुसरा दावेदार व्हिटेलियस याचं सैन्य ऱ्हाईनकाठाहून इटलीच्या रोखानं निघालेलं होतं.

इ.स. 193 मधला डिडियस ज्युलियानस त्याच्याही पुढचा. अंगरक्षक दलानं पर्टिनॅक्स या सम्राटाला मारलं आणि छावणीच्या तटावरून गादीचा चक्क लिलाव पुकारला. प्रत्येक शिपायाला पंचवीस हजार सेस्टर्शियसची बोली लावून ज्युलियानस सम्राट झाला आणि 66 दिवसांनी मारला गेला. त्याच्या देनारियुसवर ‘कॉन्कॉर्दिया मिलितुम’ आहे : सैनिकांची एकदिली. पत्नी मानलिया स्कँटिला आणि मुलगी डिडिया क्लारा यांच्याही नावानं त्या 66 दिवसांत चांदी पाडली गेली. मुलीच्या नाण्यावर ‘हिलारितास तेम्पोरुम’, म्हणजे आनंदाचे दिवस. या दोघींची नाणी बापाच्या नाण्यांहूनही विरळ.

आणखी एक गृहस्थ दुसरा डोमिशियन. इ.स. 271 च्या सुमारास गॉलमध्ये त्यानं काही दिवस सम्राटपद मिरवलं. इतिहासग्रंथांत या नावाचा ओझरता उल्लेख आहे, तोही सेनानी म्हणून. त्याचं नाणं 1900 साली फ्रान्समध्ये सापडलं तेव्हा अनेकांनी ते बनावट ठरवलं. 2003 साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशरमधल्या चॅलग्रोव्ह इथं सुमारे पाच हजार नाण्यांचा घडा निघाला आणि त्यात त्याच ठशांतून पाडलेलं दुसरं नाणं मिळालं. एक माणूस असा दोन नाण्यांच्या जोरावर सम्राटांच्या यादीत आला. त्या नाण्यात चांदी नावापुरतीच होती, हा भाग वेगळा.

नावापुरती चांदी म्हटलं की ‘हिणकस’ हा आपला शब्द आठवतो. कसोटीच्या दगडावर धातू घासला की जी रेघ उमटते तो ‘कस’. रेघ हीन दिसली की धातू हिणकस. रोमची चांदी पायरीपायरीनं हिणकस होत गेली. नीरोनं इ.स. 64 मध्ये देनारियुसचं वजन उतरवलं आणि शुद्धताही कमी केली. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात निम्म्याच्या आसपास चांदी उरली. 215 मध्ये कॅराकॅलानं नवं नाणं काढलं. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट. ते बहुधा दोन देनारियुसांना चालवलं गेलं, पण वजन दीडपटच. आज संग्राहक त्याला ‘अँटोनिनियानस’ म्हणतात. हे नाव अभ्यासकांनी दिलेलं, सम्राटाच्या ‘अँटोनिनस’ या अधिकृत नावावरून. त्याला आपण ज्या नावानं ओळखतो ते ‘कॅराकॅला’ म्हणजे त्याच्या आवडीचा गॉलमधला लांब झगा. त्या काळच्या बाजारातल्या माणसाला ‘एक अँटोनिनियानस दे’ म्हटलं असतं तर तो गोंधळला असता. 260 च्या दशकाच्या अखेरीस या नाण्यात पाच टक्क्यांहूनही कमी चांदी होती. वरून पांढरा मुलामा, आत तांबं.

याच काळात नाव चांदीपासून सुटलं. देनारियुस पाडणं जवळपास बंद झालं होतं, तरी 301 साली सम्राट डायोक्लेशियननं जिनसांचे कमाल भाव ठरवणारा हुकूम काढला तो देनारियुसांतच. शेतमजुराला जेवणखाण देऊन दिवसाचे 25 देनारियुस, सिंह हवा असेल तर दीड लाख. हातात धरायला नाणं नाही, हिशेबात मात्र लाखोंनी. दरम्यान 294 च्या सुमारास त्यानं पुन्हा चांगल्या चांदीचं नाणं काढलं होतं, एका पौंडाला 96, म्हणजे नीरोच्या देनारियुसाच्याच वजनाचं. पण ‘देनारियुस’ या नावाची पत इतकी गेली होती की या नाण्याला ते नाव शोभलं नसतं. ते ‘आर्जेंतेउस’ म्हणून ओळखलं जातं : निव्वळ ‘चांदीचं’. 301 मध्ये त्याचा भाव शंभर देनारियुस ठरला. जितक्या चांदीला पूर्वी एक देनारियुस म्हणत तितकीला आता शंभर. आर्जेंतेउसमधला ‘आर्जेंतुम’ आपल्या ‘रजत’चा आणि ‘अर्जुन’चा नातलग. मूळ अर्थ लखलखीत, पांढरं. आपला ‘रुपया’ही याच चालीचा, ‘रुपे’ म्हणजे चांदीवरून आलेला.

चांदी अजून शुद्ध होती तेव्हा देनारियुस हिंदुस्थानात पोहोचला होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत सोन्याचांदीचे देनारियुस आहेत, आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना ते नफा देतात अशी टीपही आहे. त्याच पुस्तिकेत कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर यांची नावं येतात. श्रीलंकेच्या राजाची एक गोष्ट प्लिनीनं दिली आहे. क्लॉडियसच्या काळात तिथं पोहोचलेल्या एका रोमन माणसाकडचे देनारियुस राजानं पाहिले. मुखवटे वेगवेगळ्या सम्राटांचे, वजन मात्र सगळ्यांचं सारखं. यावरून ही माणसं सचोटीची असावीत, असं राजाला वाटलं. त्याच क्लॉडियसच्या गादीवर पुढे नीरो आला. भारतात सापडलेल्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचे देनारियुस सगळ्यांत जास्त आहेत, नीरोच्या काटछाटीनंतरचे फार थोडे. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या सांगण्यानुसार जर्मन टोळ्यांनाही कातरलेल्या कडेचे जुनेच देनारियुस हवे असत. पारख रोमबाहेरच्यांनाही होती.

नाणी यायची थांबली, नाव मात्र मुक्कामाला राहिलं. गुप्तांच्या काळी ‘दीनार’ सोन्याचा झाला. सांचीच्या शिलालेखात, इ.स. 412 च्या सुमारास, दीनारांच्या दानाची नोंद आहे, आणि अमरकोशात ‘निष्क’ आणि ‘दीनार’ शेजारी बसले आहेत. काश्मीरात कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त, बाराव्या शतकात, ‘दिन्नार’ इतका स्वस्त झाला की साध्या जिनसांचा भाव शेकड्यांनी सांगावा लागे. अरबीत गेलेला दीनार खलिफा अब्द अल-मलिकनं 696-97 मध्ये सोन्याचा पाडला. आज रत्नागिरी-रायगडचा माणूस कुवेतहून घरी पैसे पाठवतो तेव्हा ते कागदी दीनार असतात, आणि दुबईहून पाठवतो तेव्हा दिरहम. हा दिरहम ग्रीक ‘द्राख्मे’चा, म्हणजे मूठभराचा. शिलाहारांच्या लेखांतला ‘द्रम्म’ही त्याचाच, आणि ‘दाम करी काम’मधला दामही.

खुद्द ‘नाणं’ या शब्दाचा प्रवासही असाच. तो संस्कृत ‘नाणक’मधून आला. खोटं नाणक पाडणाऱ्याला याज्ञवल्क्यस्मृतीत दंड सांगितला आहे. कुशाणांच्या नाण्यांवर ‘नाना’ नावाची देवी असे, आणि नाणक तिच्यावरून आला असावा असं काही विद्वान मानतात. रोमकडे जोडीला जुनो मोनेता आहे. कॅपिटोलच्या टेकडीवर तिच्या देवळालगत टांकसाळ होती. तिच्या नावातून इंग्रजीतले ‘मनी’ आणि ‘मिंट’ निघाले. तितुस कारिसियुसनं इ.स.पू. 46 मध्ये पाडलेल्या देनारियुसवर एका बाजूला मोनेताचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला ऐरण, चिमटा आणि हातोडा आहे.

ओथोचं नाणं घ्यायला दमदार थैली लागते, कारण ते फार थोड्यांच्या वाट्याला येतं. शब्दाचा हिशेब उलटा असतो. जितक्या तोंडांत तो रुळतो तितकं त्याचं बळ वाढतं, आणि देनारियुसनं या बाबतीत कसर ठेवली नाही. स्पॅनिशमध्ये ‘दिनेरो’, पोर्तुगीजमध्ये ‘दिन्येरू’ म्हणजे सरसकट पैसा. इंग्लंडात पेन्नीसाठी वापरलेलं ‘डी’ हे अक्षर देनारियुसचंच, ते 1971 पर्यंत टिकलं. फ्रान्समध्ये त्याचा ‘दनिए’ झाला, आणि रेशमाचं सूत तोलताना त्या नाण्याचं वजन माप म्हणून वापरात आलं. तेच माप आज ‘डेनियर’ : नऊ हजार मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. भिवंडीत 75 डेनियरचं पॉलिएस्टर मागणाऱ्याच्या तोंडी हीच नाममुद्रा असते. त्या सुतात चांदी नाही, दहाचा हिशेबही नाही. पण तोलून घेणं, हे देनारियुसचं जुनं काम, तिथं आजही चालू आहे.