मोतीबिंदू, सुश्रुतांची शलाका आणि तंजावरचे भोसले

आजचा धागा डोळ्याविषयी आहे, आणि त्याची सुरुवात आंबेगाव तालुक्याच्या मुख्य ठिकाणापासून, घोडेगावापासून करू. इथून पश्चिमेकडे गेले की डिंभे धरणापलीकडे आहुपे-भीमाशंकरचे डोंगर लागतात. त्या रानातला बाळहिरडा हे तिथल्या आदिवासी कुटुंबांचे उत्पन्नाचे मोठे साधन. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होते, आणि नेत्रविकारांवर त्रिफळ्याचा उपयोग आयुर्वेदाने फार पूर्वीपासून सांगितला आहे. घोडेगावाहून दुसरा रस्ता जुन्नरला जातो. तिथे शिवनेरी, १६३० साली शिवराय जन्मले तो गड. त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास कावेरीकाठी तंजावरला आपले राज्य स्थापले, आणि त्याच घराण्यातल्या एका राजाच्या ग्रंथालयात नेत्ररुग्णांचे सचित्र कागद आजही जपलेले आहेत. हिरड्यापासून त्या कागदांपर्यंत आपल्याला जायचे आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राचा आरंभच डोळ्यापासून होतो. ७६ नेत्ररोग, आणि बाहेरून आत जाणारी पाच मंडले: पक्ष्म, वर्त्म, श्वेत, कृष्ण आणि दृष्टी. दृष्टीचे माप मसुराच्या डाळीएवढे दिले आहे. जे मधोमध काळे दिसते, ज्याला आपण बाहुली म्हणतो, त्याच भागाचे हे वर्णन.

याच उत्तरतंत्रात मोतीबिंदूवरचे शस्त्रकर्म येते. जवाच्या टोकासारखी शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागातून, बाहेरच्या कोपऱ्याच्या बाजूने, रक्तवाहिन्या टाळून आत घालायची. उजव्या डोळ्यासाठी वैद्याने डावा हात वापरायचा आणि डाव्यासाठी उजवा. वेध बरोबर बसला की बारीक आवाज येतो आणि पाण्याचा थेंब बाहेर पडतो. आतला अडथळा सरकून रुग्णाला वस्तू दिसू लागल्या की शलाका हळूच काढायची, तुपात भिजवलेल्या वस्त्राने डोळा बांधायचा आणि रुग्णाला उताणे निजवायचे. त्या काळात शिंकणे, खोकणे, ढेकर देणे, थुंकणे वर्ज्य. शिंकेची एवढी धास्ती ज्याने घेतली, त्याने शिंकेने बिघडलेला डोळा नक्कीच पाहिलेला असणार. हा भाग मला संपूर्ण ग्रंथातला सर्वांत जिवंत वाटतो.

पण नेमके काय सरकवले जात होते? ग्रंथाच्या मते तो दृष्टीवर साचलेला कफ. युरोपातली समजूतही फार वेगळी नव्हती. भिंग हेच पाहण्याचे मुख्य इंद्रिय, आणि मोतीबिंदू म्हणजे त्याच्यापुढे उतरलेला गढूळ द्रव, असे गेलनच्या परंपरेतले वैद्य शतकानुशतके मानत आले. तात्पर्य, कृती हाताला साधलेली होती, परंतु डोळ्याचा नकाशाच चुकलेला होता.

तो नकाशा आज शालेय पुस्तकात असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. प्रकाश प्रथम पारपटलातून आत येतो आणि त्याचे सर्वाधिक वक्रीभवन तिथेच होते. डोळ्याच्या एकूण शक्तीपैकी सुमारे दोन तृतीयांश शक्ती पारपटलाची. परितारिका बाहुलीचे छिद्र लहानमोठे करते. तिच्या मागे भिंग, भिंगामागे काचद्रव, आणि अगदी आतल्या बाजूला दृष्टिपटल. भिंगात रक्तवाहिनी नसते, म्हणून तर ते पारदर्शक राहते. वयानुसार त्यातल्या प्रथिनांच्या गुठळ्या होऊन ते धुरकट झाले, की त्याला मोतीबिंदू म्हणतात.

पाहण्याचे काम भिंग नव्हे तर दृष्टिपटल करते, असे १५८३ मध्ये फेलिक्स प्लाटर याने म्हटले, आणि केप्लरने १६०४ मध्ये प्रतिमा तिथे उलटी कशी पडते हे गणिताने दाखवले. यानंतर भिंगाचे महत्त्व कमी झाले. ते दूर केले तरी माणूस आंधळा होईलच असे नाही, हे मानायला वाट मोकळी झाली. तरी मोतीबिंदूचे कोडे सुटायला आणखी शंभर वर्षे गेली. १७०५ साली फ्रान्समध्ये पिएर ब्रिसो याने एका मृत सैनिकाच्या डोळ्यावर नेहमीप्रमाणे सुईने मोतीबिंदू खाली ढकलला आणि मग तो डोळा चिरून पाहिला. खाली ढकलले गेलेले होते ते खुद्द भिंगच! पॅरिसच्या विद्वत्सभेला हे लगेच पटले नाही, हेही ओघाने आलेच.

भिंग आत ढकलले की प्रकाशाची वाट मोकळी होते, परंतु डोळ्याची उरलेली एक तृतीयांश शक्ती जाते, म्हणून जाड भिंगाच्या चष्म्याशिवाय सारे अंधुकच दिसते. शिवाय ढकललेले भिंग डोळ्यातच राहते आणि पुढे दाह होतो, दाब वाढतो. भिंग बाहेरच काढण्याची पद्धत झाक दाव्हिएल याने १७४७ मध्ये अवलंबली.

आता तंजावर. दुसरे सरफोजी राजे यांचा जन्म १७७७ चा. ख्रिस्ती मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली ते शिकले आणि १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, तनखा आणि वेळ. तो वेळ त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाला आणि धन्वंतरी महालाला दिला. धन्वंतरी महालात देशी औषधांसोबत युरोपीय वैद्यकाचाही अभ्यास चाले. याच काळात, १८१९ मध्ये, मद्रासला नेत्ररुग्णालय सुरू झाले होते. १८२० च्या दशकातले तंजावरच्या नेत्ररुग्णांचे कागद सरस्वती महालात आहेत: इंग्रजीत लिहिलेली रुग्णांची हकीकत आणि सोबत रोगट डोळ्यांची रंगीत चित्रे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांचे लक्ष त्यांकडे गेले आणि त्यांचा नव्याने अभ्यास झाला.

इथे एक खबरदारी घेतली पाहिजे. ‘मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करणारा जगातला पहिला राजवैद्य’ अशी बिरुदे लावलेले संदेश आपल्याकडे फिरतात. दाव्हिएलची शस्त्रक्रिया सरफोजींच्या जन्माच्या तीस वर्षे आधीची, आणि शलाकेची परंपरा तर त्याहून कितीतरी शतके जुनी. तेव्हा ‘पहिला’ हा शब्द टिकत नाही. राजांनी स्वतः शस्त्र किती वेळा हाती धरले यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सरफोजींचे मोठेपण त्या वादावर अवलंबून आहे असे मला वाटत नाही. एका मराठी दरबारात रुग्णाचा डोळा चित्रकारापुढे बसवला गेला आणि ते चित्र फेकून न देता ग्रंथांशेजारी ठेवले गेले. त्यामुळेच सुमारे दोनशे वर्षांनंतरच्या डॉक्टराला तो डोळा तपासता आला.

शलाका घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांकडे असे कागद नव्हते. मद्रासच्या नेत्ररुग्णालयात काम केलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये याच भारतीय पद्धतीवर व्याख्याने दिली. अशा शस्त्रक्रियेनंतर बिघडलेले डोळे त्यांनी शेकड्यांनी तपासले होते. काही तर चिरून आतून पाहिले होते. फिरता वैद्य पट्टी बांधण्याआधी दोन बोटे दाखवी, रुग्ण ती मोजे, पैसे दिले जात. डोळा सुजून दुखू लागेपर्यंत वैद्य पुढच्या गावी गेलेला असे.