ईट येथील डिझेल जीप आणि ‘मूळ स्वरूपा’चा प्रश्न

भूम तालुक्यातील ईट ह्या गावी आमच्या घरच्या पडवीत 1964 साली नोंदलेली एक जीपगाडी उभी आहे. प्रथम ती सरकारी होती. 1978 मध्ये लिलावात वडिलांनी ती घेतली, आणि दुसऱ्याच वर्षी बार्शीच्या एका मिस्त्रीकडून तिचे पेट्रोल इंजिन उतरवून त्याजागी ट्रॅक्टरचे जुने डिझेल इंजिन बसवून घेतले. गेल्या वर्षी पुण्याच्या एका संग्राहकाने तिला मागणी घातली. किंमत चांगली होती. अट मात्र अशी की, आम्ही तिला प्रथम ‘मूळ स्वरूपात’ आणावे, म्हणजेच डिझेल इंजिन काढून टाकावे. धाकट्या बंधूंना ही अट मान्य आहे, मला नाही. घरातला हा मतभेद येथे मांडण्याचे कारण इतकेच की, त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचा आहे. वस्तूचे मूळ स्वरूप म्हणजे नेमके काय, आणि ते ठरवावे कोणत्या क्षणावरून?

जीप ही वस्तू आपल्याकडे युद्धातून आली. महिंद्र बंधू व गुलाम महंमद ह्यांनी 1945 मध्ये स्थापिलेल्या कंपनीने 1947 पासून विलिस कंपनीच्या जीपगाड्यांची जुळणी हाती घेतली. पुढे गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीच्या नावातले ‘महंमद’ जाऊन दुसरे ‘महिंद्र’ आले. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, व जीप हे विकासगटाच्या अधिकाऱ्याचे जणू अधिकारचिन्हच बनले. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्यावर बी. डी. ओ. आणि जीप ही जोडी खेड्याच्या बोलण्यात पक्की झाली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी 1911 मध्ये लातूरपर्यंत गेली होती, परंतु ती भूमला बगल देऊन. बालाघाटाच्या ह्या भागात पावसाळ्यात काळ्या रानातून जाऊ शकणारे वाहन म्हणजे बैलगाडी. त्यानंतर आली ती जीपच.

ह्या जीपला मुळात जे इंजिन होते ते विलिसचे ‘हरिकेन’ नावाचे, 2.2 लिटरचे, सुमारे 72 अश्वशक्तीचे. दौऱ्यावर निघालेल्या अधिकाऱ्याला त्याची भूक जाणवत नसे, कारण पेट्रोल सरकारचे असे. लिलावात गाडी घेणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट निराळी होती. ऑक्टोबर 1973 च्या अरब-इस्राएल युद्धानंतर थोड्याच महिन्यांत खनिज तेलाचे जागतिक भाव जवळपास चौपट झाले. आपल्या शासनाने पेट्रोल ही चैनीची आणि डिझेल ही शेतीची व वाहतुकीची वस्तू मानून दोहोंच्या किमतींत मोठे अंतर राखले. हजारो पेट्रोल जीपगाड्यांची इंजिने बदलली गेली ती ह्या अंतरामुळे. कोठे मॅटॅडोरचे इंजिन बसले, कोठे ट्रॅक्टरचे.

आमच्या जीपला मिळाले ते इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-275 ट्रॅक्टरचे. ह्या ट्रॅक्टरसाठी 1963 मध्ये मुंबईत महिंद्रांच्या भागीदारीने स्वतंत्र कंपनी निघाली होती, आणि ती 1977 मध्ये महिंद्रांतच विलीन झाली. तेव्हा एका अर्थी हे इंजिन जीपचे भाऊबंदच होय. पुढे स्वतः कंपनीनेही ह्याच घराण्यातले इंजिन जीपला दिले, आणि 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी एक्स. डी. पी. 4.90 ह्या इंजिनासाठी करार केला. (4 सिलिंडर व 90 मिलिमीटर व्यास, इतकाच त्या गूढ आकड्याचा अर्थ आहे.) मिस्त्रीने जे आधी केले ते कारखान्याने मागाहून केले; तरी पहिल्याला ‘बिघाड’ आणि दुसऱ्याला ‘सुधारणा’ म्हणण्याचा प्रघात आहे.

इंजिन दुबळे होते ह्यात शंका नाही. 72 च्या जागी 35 अश्वशक्ती! परंतु हा दुबळेपणा कोणत्या रस्त्यावरचा, हे पाहिले पाहिजे. पेट्रोल इंजिन आपली पूर्ण शक्ती मिनिटास 4000 फेऱ्यांना देते, ट्रॅक्टरचे सुमारे 1900 फेऱ्यांना. जीपच्या आसाचा गुणक 5.38 आणि चाकाचा परीघ सव्वादोन मीटर धरल्यास, शेवटच्या गिअरात पहिल्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या घरात जातो, दुसऱ्याचा 48 च्या. मात्र 1900 फेऱ्यांना पेट्रोल इंजिनही 40 अश्वशक्तीच्या थोडे वरच असते. म्हणजे ईटच्या आसपासच्या जुन्या गाडीवाटांवर, जेथे ताशी 30 हा वेगसुद्धा धाडसाचा ठरे, तेथे दोहोंत फरक उरतो तो फार थोडा. जी अर्धी शक्ती गेली, ती वापरण्याजोगा रस्ताच नव्हता. चिखलात चार चाकांचा जोड देऊन लो गिअर टाकला की, अडीचपट कमी वेगाने का होईना, गाडी खव्याचे पाट आणि माणसे घेऊन निघत असे. चढावर मात्र मागून येणारी एस. टी. पुढे निघून जाई, आणि लहानपणी आम्हांस त्याची लाज वाटे.

‘अश्वशक्ती’ हा शब्द पाठ्यपुस्तकाचा. गाडी चालवणारा म्हणतो, ‘गाडीत दम नाही’. फारसी ‘दम’ म्हणजे श्वास. मराठीत त्याला जोर, धाक व धीर असे अर्थ फुटले. बिनदमाच्या गाडीला दम धरणारा चालक लागतो, हे वडील हसत सांगत. इंधनाच्या नळीत हवा शिरली म्हणजे ‘गाडीने एअर घेतली’. मग हातपंप मारीत बसावे लागे. ‘जीप’ हा शब्द कार्टूनमधील प्राण्यावरून आला की लष्करी आद्याक्षरांवरून, हा वाद इंग्रजीचा आहे; मराठीने तिला ‘गाडी’च्या ओढीने स्त्रीलिंगी केले, त्याविषयी वाद नाही. वेल्समधील एका रस्त्याचे नाव असलेल्या ‘स्टेपनी’चेही तसेच झाले. ह्या शब्दांना मूळ स्वरूपात परत पाठवावे असे कोणी म्हणत नाही.

वाहनाविषयी मात्र कायदा तसे म्हणतो. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांची नवी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीस 50 वर्षे झालेल्या खाजगी वाहनास 20,000 रुपये शुल्क भरून विशेष क्रमांक मिळतो. पण चासी, बॉडी वा इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. त्यातही असे वाहन नित्य वापरता येत नाही. प्रदर्शन, शर्यत, दुरुस्ती अशा मोजक्याच प्रसंगी ते रस्त्यावर आणावयाचे. थोडक्यात, जी जीप कमी राबली ती वारसा ठरते. जी खेड्यात टिकली, आणि टिकण्यासाठी बदलली, ती ठरत नाही. नियमाचा हेतू बनावट नगांना आळा घालण्याचा असावा, हे मी मान्य करतो. तथापि ह्या कसोटीने मराठवाड्यातील बहुतेक जुन्या जीपगाड्या इतिहासाबाहेर जातील.

ग्रंथसंपादनात हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 ह्या काळात सिद्ध झाली. प्राचीनतम पाठ शोधताना संपादकांनी मागाहून शिरलेले श्लोक संहितेतून वगळले, पण फेकले नाहीत. तळटीपांत व परिशिष्टांत ते जसेच्या तसे जपले. मोटारीला तळटीप नसते. डिझेल इंजिन एकदा उतरवले की ते भंगारात जाणार आणि त्याबरोबर 1973 नंतरच्या एका शेतकऱ्याचा हिशेबही.

बंधूंचे म्हणणेही निराधार नाही. डिझेलचे भाव ऑक्टोबर 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झाले, दोन्ही इंधनांतील ते जुने अंतर आता उरलेले नाही. सुटे भाग मिळवणे कठीण होत चालले आहे. आणि पडवीत उभ्या असलेल्या लोखंडाला गंज लागतो, त्याला पाठचिकित्सा ठाऊक नसते. संग्राहकास मी कळविले आहे की, गाडी आहे तशी हवी असल्यास पुन्हा बोलू. आर. सी. बुकात इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ हा शब्द एका रेघेने खोडून वर ‘डिझेल’ लिहिलेले आहे, व शेजारी कार्यालयाचा शिक्का आहे. खोडलेला शब्द अद्याप स्वच्छ वाचता येतो. त्या पानाचे छायाचित्र मी त्यांस सोबत पाठविले आहे.