ढेपेचे गाव कोणते?

पोळ्याच्या दिवशी आमच्या भंडारा जिल्ह्यात बैलांना आंघोळ घालतात, त्यांची शिंगे रंगवतात आणि घरची लक्ष्मी त्यांना पुरणपोळी भरवते. बकरी ईदच्या आधी आम्ही बकरा घ्यायला जातो, तेव्हा त्याचे दात पाहतो, डोळे पाहतो, तो लंगडत तर नाही ना, याची खात्री करून घेतो. जनावराची एवढी निगा राखणारी आपण माणसे! पण ते जनावर वर्षभर जे खाते, ते कोठून आले, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो.

माझ्या मनात तो आला, त्याला एक निमित्त झाले. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी गाय होती. एका पावसाळ्यात तिने खाणे टाकले, दूध निम्म्यावर आले. पशुवैद्यांनी गोठ्यातले ढेपेचे पोते सोडायला लावले. आत हिरवट बुरशी आणि कुबट वास. मी दुकानदाराकडे गेलो. माणूस भला, पैसे परत द्यायला लगेच तयार झाला. पण ही ढेप कोणत्या गिरणीतली, सरकी कोणत्या भागातली, पोते किती महिने कोणत्या गोदामात पडून होते, यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. पोत्यावर नाव होते, तेही पूर्वी त्यात भरलेल्या साखरेच्या कारखान्याचे. गाय पुढे बरी झाली. प्रश्न मात्र तसाच राहिला. या प्रश्नाला फार मोठा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या ताटाचाही संबंध आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईत बाहेरचे धान्य मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. १९५१ साली अमेरिकेने आपल्याला गव्हासाठी कर्ज दिले. ऑगस्ट १९५६ मध्ये 'पब्लिक लॉ ४८०' या कायद्याखाली पहिला करार झाला आणि 'पीएल ४८०' हे शब्द रेशनच्या रांगेतल्या निरक्षर माणसालाही पाठ झाले. १९६६ सालच्या दुष्काळात तर सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून आले. त्या धान्यावर माणसे जगली, हे आधी कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

पण त्या गव्हाच्या नावावर आणखी एक गोष्ट जमा आहे. ती म्हणजे गाजर गवत. वैनगंगेच्या काठापासून शाळेच्या मैदानापर्यंत ते सगळीकडे दिसते. जनावर सहसा त्याला तोंड लावत नाही. चाऱ्यातून पोटात गेलेच तर दूध कडवट लागते. माणसाच्या अंगाला लागले की खाज सुटते. हे गवत पीएल ४८० च्या गव्हाबरोबर आले, असे आपण सगळेच ठामपणे सांगतो. आता तारखा पाहा. पुण्यात हे तण आढळल्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. ते दिसले होते त्याच सुमारास किंवा त्याच्या थोडे आधी. करारही १९५६ च्या ऑगस्टमधला. म्हणजे हा आरोप कालक्रमात नीट बसत नाही. मग ते १९५१ च्या गव्हाबरोबर आले असेल काय? काही वनस्पतिशास्त्रज्ञ तर त्याचे भारतातले एकोणिसाव्या शतकातले नमुने असल्याचे सांगतात. कोणत्या जहाजातून कोणते बी उतरले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. म्हणून सत्तर वर्षे झाली तरी आरोप सिद्ध होत नाही आणि आरोपी सुटतही नाही. नोंद नसली की इतिहासाची जागा अफवा घेते, ती अशी.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर 'मिलो' आली. ही अमेरिकेची लाल ज्वारी. मी तेव्हा अगदी लहान होतो, पण अम्मी सांगायची. आमचा मुलूख भात खाणारा. ज्वारीचीच सवय कमी, त्यात ही लालसर भाकरी. तिकडे हे धान्य मुख्यतः जनावरांना घालतात, अशी कुजबुज रांगेत असे. कुजबुज खरीच होती. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नव्हते, कारण ज्वारी ती ज्वारीच. पण रांगेतल्या माणसाला ते कोणी समजावून सांगितले नाही. म्हणून भाकरीबरोबर अपमानही गिळावा लागला.

आता जरा इंग्लंडला जाऊ. १९६० साली तिथे टर्की नावाचे पाळीव पक्षी पटापट मरू लागले. काही महिन्यांत लाखाच्या वर पक्षी गेले. साथीचा रोग म्हणावा, तर जंतू सापडेना. तपास करणाऱ्यांनी मग रोगाऐवजी खाद्याचा माग काढला. पक्षी कोठे मेले आणि त्यांना खाद्य कोठून आले, हे ताडून पाहिले. बोट लंडनच्या एका गिरणीकडे गेले आणि तिथून ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीकडे. त्या पेंडीवर एक बुरशी वाढली होती आणि तिने विष तयार केले होते. या विषालाच पुढे 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव मिळाले. पेंड कोठून आली, हे सांगणारे कागद गिरणीत होते, म्हणून जगाला एक विष सापडले.

हे विष आपल्यालाही परके नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात पावसात भिजून बुरशी आलेला मका आदिवासींनी खाल्ला. शंभराहून अधिक माणसे काविळीसारख्या आजाराने दगावली. त्यांच्या घरचे उरलेले अन्न खाणारी कुत्रीही मेली. तिथे मका परदेशातला नव्हता, शेजारच्या शेतातला होता. तेव्हा विष बाहेरूनच येते, असे समजण्यात अर्थ नाही. ओलावा आणि गोदाम यांना देशाची सीमा कळत नाही.

आणि ढेपेतले हे विष ढेपेतच थांबत नाही. गाईने ते खाल्ले की एका दिवसाच्या आत त्याचा अंश दुधात उतरतो. दूध उकळल्याने तो जात नाही. आपल्या कायद्याने एका किलो दुधात त्याची मर्यादा अर्ध्या मायक्रोग्रॅमची ठेवली आहे. म्हणजे एक टन दुधात अर्धा मिलिग्रॅम. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या देशव्यापी दूध पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत हे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त निघाले. ते चाऱ्यातून आणि पशुखाद्यातून येते, हेही तेव्हा सांगण्यात आले. त्यानंतर विकाऊ पशुखाद्य भारतीय मानक ब्यूरोच्या मानकाप्रमाणे असावे, असा आदेश निघाला. पण तो लागू करण्याची तारीख नंतर पुढे ढकलली गेली.

२०२० साली तर ही गोष्ट आमच्या उंबरठ्यावर आली. बालाघाट हा आमचा शेजारचा जिल्हा. भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडूनच तो १८६७ साली तयार झाला. तिथल्या आणि मंडल्यातल्या रेशनच्या तांदळाचे ३२ नमुने केंद्राच्या पथकाने तपासले. तो तांदूळ माणसांसाठी नव्हे, तर शेळ्या, मेंढ्या, घोडे आणि कोंबड्या यांच्या खाद्याच्या प्रतीचा असल्याचे निघाले. साल कोरोनाचे, हातावर पोट असलेल्यांच्या उपासमारीचे. मिलोला निदान समुद्र ओलांडून यावे लागले होते; हा तांदूळ घरातलाच होता.

पुढच्याच वर्षी सोयाबीनचे भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेले. कोंबड्यांचे खाद्य महागले. तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आणायला परवानगी दिली. दाणे भरडलेले, तेल काढलेले. त्यातून काही उगवणार नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. सोयाबीन पिकवणारा आपला शेतकरी चिडला, कारण त्याचा माल बाजारात यायच्या वेळीच भाव पडू लागले. गंमत अशी, की २००२ पासून आपल्याकडे बीटी कापूस आहे. आज विदर्भातल्या बहुतेक गोठ्यांतली सरकीची ढेप त्याच कापसाची आहे. चांगले की वाईट, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. माझे म्हणणे एवढेच, की खाणाऱ्याला आणि खाऊ घालणाऱ्याला ते ठाऊक असावे.

हे अशक्य नाही. १९९९ साली बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या खाद्यातल्या चरबीत डायॉक्सिन हे विष मिसळले गेले आणि मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. अशा अनुभवांतून युरोपने एक साधा नियम केला. तो २००५ पासून माणसांच्या अन्नाला आणि जनावरांच्या खाद्याला सारखाच लागू आहे. माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, एवढे प्रत्येकाने लिहून ठेवायचे. मागे एक पाऊल, पुढे एक पाऊल. अशी पावले जोडत गेले की बंदरापासून गव्हाणीपर्यंतची वाट दिसते. त्याला लागते एक वही आणि लिहिण्याची दानत. तुमसरच्या बाजारात धानाच्या पोत्यांचा हिशेब ठेवणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

आता आमच्याकडे गाय नाही, दोन शेळ्या आहेत. परवा ढेप घेताना मी पुन्हा विचारले, "ही कुठली?" दुकानदार हसला. म्हणाला, "भाऊ, असं तं कोणीच इचारत नाही."

त्याचे म्हणणे खरे आहे. कोणी विचारत नाही, म्हणून तो लिहून ठेवत नाही. उद्या दहा जणांनी विचारले, तर तो गिरणीवाल्याला विचारील, आणि गिरणीवाला बंदरावरच्या व्यापाऱ्याला. जनावराला बोलता येत नाही. त्याच्या वतीने आणि सकाळच्या दुधासाठी भांडे घेऊन उभ्या असलेल्या आपल्या लेकरांच्या वतीने, हा प्रश्न आपणच विचारायचा आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)