घटसर्प आणि पावसाआधीची लस

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीत गोकुळ दूध संघाचा महालक्ष्मी पशुखाद्य कारखाना आहे. घटसर्प या जनावरांच्या जीवघेण्या रोगाच्या इतिहासात पेंडीच्या कारखान्याचे काय काम, असे कोणीही विचारील. पण कोल्हापूरच्या गोठ्यांत घटसर्पाला आवर घालण्यात औषधांपेक्षा दूधधंद्याने लावलेल्या शिस्तीचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

घटसर्प गाईपेक्षा म्हशीला अधिक भोवतो. ताप चढतो, गळ्याखाली सूज येते, श्वास घरघरू लागतो आणि पुष्कळदा दिवसभरात जनावर दगावते. पाश्चुरेला मल्टोसिडा हा त्याचा जिवाणू. याच जिवाणूचे प्रकार कोंबड्यांना कॉलरा देतात, सशाचे नाक वाहवतात. लुई पाश्चरने १८८० च्या सुमारास प्रयोगशाळेत लस बनवली ती कोंबड्यांच्या याच रोगावर. आपल्याकडे हा जिवाणू धडधाकट दिसणाऱ्या म्हशीच्या घशात दडून राहतो. उन्हाळ्यात वैरण आटते, जनावर खंगते, मशागतीचा ताण पडतो आणि पहिल्या पावसाची ओल आली की रोग उसळतो. सल्फा आणि ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखी औषधे गुणकारी आहेत, पण ती ताप चढताच द्यावी लागतात. सूज दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. गळ्याला तापल्या लोखंडाचा डाग देण्याच्या जुन्या रिवाजामागेही हीच हतबलता होती.

लस असताना हा रोग इतका काळ का टिकला? याचे उत्तर बुळकांडी (रिंडरपेस्ट) या गुरांच्या रोगाशी तुलना केली की मिळते. १८८९ मध्ये पुण्यात सरकारी जिवाणू प्रयोगशाळा निघाली, ती पुढे मुक्तेश्वरला गेली. तिथल्या संशोधकांपुढे बुळकांडी हाच मोठा शत्रू होता. बुळकांडीची सुधारित लस एकदा टोचली की जनावराला दीर्घकाळ संरक्षण मिळते. म्हणून मोहिमा काढून तो रोग हटवता आला आणि २०११ मध्ये जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. घटसर्पाच्या तुरटीयुक्त लसीचा असर मात्र काही महिनेच टिकतो. तेलयुक्त लस वर्षभर पुरते, पण ती घट्ट असल्याने टोचायला अवघड. म्हणजे दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात, प्रत्येक गोठ्यापर्यंत पोचावेच लागते. एकदाच्या मोहिमेने हे काम भागत नाही, त्याला बारमाही यंत्रणा लागते.

कोल्हापुरात ती यंत्रणा दूध संघाने उभी केली. गोकुळ १९६३ मध्ये स्थापन झाला. गावोगावच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध मोजले जाऊ लागले आणि म्हशीचे दूध घटल्याची बातमी त्याच दिवशी चव्हाट्यावर येऊ लागली. संघाचा पशुवैद्यक गोठ्यात येऊ लागला. कोल्हापूरला म्हशीच्या दुधाची आवड पूर्वीपासून होती, शहरातल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकले जाई. पण कट्ट्यावरच्या म्हशीच्या मालकाला आजारपणात आधार द्यायला मागे कोणतीही संस्था नव्हती.

यावर आक्षेप असा, की लस तर सरकारची. तो खरा आहे. पुण्याच्या औंधमधील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत ती बनते आणि सरकारी दवाखान्यांनी ती टोचली आहे. हे श्रेय त्यांचेच. तरीही कुपीतली लस शेतकऱ्याने वेळेवर मागावी, यासाठी त्याच्या म्हशीला रोजचे मोल यावे लागले, ते दुधाच्या बिलाने आले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: संघाला दूध हवे, म्हशीचे आरोग्य नव्हे. दुधाच्या हव्यासाने जनावर थकते, हे मान्यच. मात्र खंगलेल्या जनावरालाच घटसर्प आधी गाठतो, त्यामुळे संघाची पेंड आणि खनिज मिश्रण यांत धंदा असला तरी म्हशीचे हितही आहे. पेंडीने लसीची जागा भरून निघत नाही, हे मात्र विसरू नये.

लस अंगात मुरायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून मृग लागेपर्यंत थांबू नका, सहा महिन्यांवरच्या रेडकांसह गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना मे महिन्यातच घटसर्पाची लस टोचून घ्या.