लहान संगणकाची प्रणाली निवडताना

तळहातावर मावणारा, टीव्हीला जोडून चालणारा संगणक ही आता नवलाई राहिलेली नाही. ब्रिटनमधील रास्पबेरी पाय फाउंडेशनचा पहिला संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी अवघ्या ३५ डॉलरना विक्रीस आला आणि तेव्हापासून अशा यंत्रांची रांगच लागली. मात्र या नुसत्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम सहसा नसते. ती निवडून मायक्रो एसडी कार्डावर उतरविण्याचे काम घेणाऱ्याकडेच येते. कोल्हापुरातील उद्यमनगरच्या एखाद्या वर्कशॉपने हिशेबासाठी किंवा करवीर तालुक्यातील एखाद्या शाळेने संगणक कक्षासाठी असे संच घेतले आणि हवे ते सॉफ्टवेअर त्यावर चाललेच नाही, तर ही स्वस्ताई महागात पडते.

म्हणून पहिला प्रश्न प्रोसेसरचा. रास्पबेरी पायचा प्रोसेसर मोबाईल फोनप्रमाणे एआरएम जातीचा असतो; नेहमीची विंडोजची सॉफ्टवेअर मात्र इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेली असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पायसाठी विंडोज १० आयओटी कोअर दिली खरी, पण ती उपकरणे चालविण्यासाठी होती, टेबलावरच्या कामासाठी नव्हे. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने याचा सरळ अर्थ असा, की टॅली येथे चालणार नाही. लिनक्सवर न्यूकॅशसारखे मोफत हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळते. परंतु वर्षअखेरीस सीए टॅलीचाच डेटा मागणार असतील, तर त्याचा उपयोग तो काय? कार्यालयात एक विंडोज संगणक असल्यास त्यावर टॅली ठेवून रिमोट डेस्कटॉपद्वारे पायवरून काम करता येते. अन्यथा इंटेल प्रोसेसरचा छोटा पेटीवजा संगणक घेणेच शहाणपणाचे.

अशा पेट्यांतही पारख हवी. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवणीच्या जुन्या स्वस्त पेट्या विंडोजसाठी घेऊ नयेत. त्यांवर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप असलेली डेबियन लिनक्स बरी चालते.

रास्पबेरी पायसाठी मात्र फार शोधाशोध नको. डेबियनवर आधारलेली आणि २०२० पर्यंत रास्पबियन म्हणून ओळखली जाणारी रास्पबेरी पाय ओएस ही पहिली पसंती असावी. अडचण आली की उत्तर सापडते, हा तिचा सर्वांत मोठा गुण. २०२२ पासून तिची ६४ बिट आवृत्ती नियमितपणे मिळते. पण पहिला पाय आणि मूळ पाय झीरो यांवर ती चालत नाही, त्यांना ३२ बिटच लागते. उबुंटूचा डेस्कटॉप देखणा असला तरी ४ जीबीपेक्षा कमी रॅमवर त्याच्या नादी लागू नये. केवळ चित्रपट पाहायचे असतील तर लिब्रेईएलईसी पुरेशी आहे. शाळांसाठी प्रणाली मुलांच्या हिशेबाने घडविण्याचा प्रयोग महाराष्ट्राने पाहिला आहे : २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील एका छोट्या शाळेत 'एक मूल, एक लॅपटॉप' योजनेचे संगणक आले, तेव्हा त्यांवर लिनक्सवर उभी असलेली शुगर ही प्रणाली होती.

मराठीची परीक्षा खरेदीपूर्वीच घ्यावी. लिनक्समध्ये युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. लोहित किंवा नोटो फाँट वेगळा उतरवावा लागू शकतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द टंकून पाहावेत. दोन्ही वेगळे आणि नीट उमटले, तर बाकीचेही बहुधा उमटतात. खरी डोकेदुखी जुन्या फायलींची आहे. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फाँटमध्ये केलेली पत्रके येथे उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसतात. संस्थेचे वर्षानुवर्षांचे इतिवृत्त तशा फाँटमध्ये असेल, तर ते आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासून घ्यावे आणि मगच जुना संगणक मोडीत काढावा.

राहिला विजेचा प्रश्न. पाय मध्येच बंद पडल्यास कार्डावरील नोंदी बिघडू शकतात आणि यंत्र पुन्हा सुरूच होत नाही. रास्पबेरी पाय ओएसमध्ये 'ओव्हरले फाइल सिस्टीम' सुरू केल्यास कार्डावर लिहिले जात नाही. मात्र मग केलेले कामही कार्डावर राहत नाही, ते पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर साठवावे लागते. २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ पूर्वीच्या संचांत स्वतंत्र घड्याळ नाही; इंटरनेट नसेल तर वीज गेल्यानंतर तारीख मागे पडते. बिले करणाऱ्या दुकानदाराने ती रोज सकाळी पाहून घ्यावी.